तिकीट तेच, प्रवास निराळा

दुसऱ्या महायुद्धातील लढाया वऱ्हाडापासून फार दूर झाल्या. तरीही नांदगाव पेठेसारख्या गावाला युद्धाची झळ लागलीच. ती प्रथम बाजारात, आणि मग बडनेऱ्याच्या फलाटावर. नांदगावला त्या काळी लोहमार्ग नव्हता. अमरावती गाठायची, तेथून शाखामार्गाने बडनेरा आणि तेथे मुंबई-नागपूर मार्गावरची गाडी धरायची, असा शिरस्ता होता. पेट्रोलवर नियंत्रण आले, मोटारी कोळशाच्या वायूवर कशाबशा चालू लागल्या आणि प्रवाशांची सारी भिस्त आगगाडीवर आली.

त्या पिढीच्या आठवणींत तपशील निरनिराळे, पण सूर एकच. दारातून आत शिरणे अशक्य म्हणून मुले खिडकीतून आत द्यायची. लष्कराची खास गाडी पुढे जाईपर्यंत प्रवासी गाडी बाजूच्या रुळावर ताटकळायची. लग्नाच्या वऱ्हाडाला मुहूर्तापेक्षा गाडीचीच चिंता अधिक!

याचे खापर लोक स्टेशन मास्तरवर फोडीत. खरी कारणे दूरची होती. इंजिने, वाघिणी, इतकेच काय रूळही मध्यपूर्वेकडे रवाना झाले. पंजाबातील कांग्रा मार्गाचा नगरोटा ते जोगिंदरनगर हा भाग 1942 मध्ये बंद झाला, तो 1954 मध्ये पुन्हा सुरू झाला. रेल्वेच्या कारखान्यांत युद्धसामग्री तयार होऊ लागली. जहाजे युद्धात गुंतल्यामुळे बंगालचा कोळसा समुद्रमार्गाऐवजी रुळांवरून पश्चिमेकडे येऊ लागला. वाहने घटली, ओझे वाढले. त्यात रेल्वेच स्वतःच्या ग्राहकाला जाहिराती देऊन सांगत होती, की प्रवास टाळा.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. ज्वारी महागली की भाव चढलेला दिसतो. तिसऱ्या वर्गाच्या तिकिटाचे तसे नव्हते. त्यावरील आकड्यात महागाई फारशी उमटत नव्हती. उमटत होती ती बसण्याच्या जागेत, खोळंब्यात आणि बुडालेल्या मजुरीत. हा एक अप्रत्यक्ष करच होता. तो कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला गेला नाही, आणि सर्वांत जड पडला तो ज्याला प्रवास टाळणे शक्यच नव्हते त्याला. रेल्वेच्या हिशेबात मात्र ही वर्षे भरभराटीची ठरली.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याची कोंडी तर दुहेरी होती. येथील आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान. 1941 मध्ये ती पेठ बंद झाली. माल देशातच खपवायचा, तर वाघिणींची टंचाई.

त्या फलाटांवर उभे राहिलेल्यांपैकी आज फार थोडे हयात आहेत. रेल्वेचे वार्षिक अहवाल ग्रंथालयांत मिळतात. खिडकीतून आत दिलेल्या मुलांची नोंद त्यांत नाही. ती घ्यायची तर अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी वही घेऊन, याच वर्षी, गावोगाव गेले पाहिजे. आरंभ नांदगाव पेठेपासून करावा. तेथे आता औष्णिक वीजकेंद्र उभे आहे आणि त्याचा कोळसा रुळांवरूनच येतो.