नेमाचा घरगुती खेळ

पावसाळ्यांत शहरांतील मुलांस मैदान पारखें होतें. आणि घरांत चेंडू खेळूं द्यावा, तर तो कपाटाखालीं तरी जातो किंवा कांचेवर तरी आदळतो. अशा दिवसांत चिंचोक्यांच्या पिशव्या करून पाहाव्या. नेम धरून त्या टोपलींत टाकावयाच्या, एवढाच खेळ.

चेंडू पडतांच उसळून दूर जातो. तो प्रथम कोठें पडला हें मुलास नीट उमगत नाहीं. पिशवी पडली कीं आंतले चिंचोके एकमेकांवर घासतात, त्या घर्षणांत तिची गति संपते आणि ती बहुधा पडल्या जागींच राहते. ती वीतभर अलीकडे पडली कीं पलीकडे गेली, हें मूल पाहतें आणि पुढच्या खेपेस हात सुधारतें. चूक स्पष्ट दिसावी, हेंच या खेळाचें मर्म.

जुन्या जाड कापडाचे ५ इंची चौकोनी तुकडे घ्यावे. दोन तुकड्यांच्या सुलट बाजू एकमेकींस लावून, कडेपासून अर्धा इंच आंत शिवण घालावी. दोन बोटें जातील एवढें तोंड मोकळें ठेवून पिशवी सुलट करावी. चिंचोके धुऊन उन्हांत कडकडीत वाळवावे व पाऊण पिशवी भरेल इतकेच घालावे. ठासून भरलेली पिशवी घरंगळते. अशा ६ पिशव्या कराव्या. मात्र प्रत्येकींत चिंचोके तोलून, सारख्या वजनाचे घालावे. एक जड व दुसरी हलकी असेल, तर पहिलीवरून हात जें शिकला तें दुसरीला लागू पडत नाहीं. शेवटीं तोंड दुहेरी टाक्यांनीं शिवावें.

तीन वर्षांखालील मुलांच्या हातीं या पिशव्या मुळींच देऊं नयेत. शिवण उसवून चिंचोका तोंडांत गेल्यास श्वासनलिकेंत अडकण्याचें भय असतें. मोठीं मुलें खेळावयास बसण्यापूर्वींही शिवण तपासावी.

भिंतीशीं मोठी टोपली, पातेलें आणि रुंद तोंडाचा लहान डबा मांडावा. त्यांस अनुक्रमें १, २ व ३ गुण. पांच वर्षांच्या मुलानें ४ फुटांवर उभें राहावें, दहा वर्षांच्यानें ७ फुटांवर, आणि वडिलांनीं १० फुटांवरून डाव्या हातानें टाकावें. सहांपैकीं तीन पिशव्या आंत पडल्या तर अंतर योग्य समजावें. साऱ्याच पडल्या तर एक पाऊल मागें, एकही न पडल्यास एक पाऊल पुढें. मग धाकटें मूलही थोरांच्या बरोबरीनें खेळूं शकतें.

गुणांची बेरीज मुलासच करूं द्यावी. आणि चुकलेली पिशवी लगबगीनें उचलूं नये. ती कोठें पडली आहे, तें त्यास आधीं पाहूं द्यावें.