दोघी एका खोलीत राहिल्या, तर?

सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, एकटीने, मंदिर-शाळा-दवाखान्यापासून २०० मीटर लांब असलेल्या आपल्या खोलीत देहविक्रय केला, तर भारतात तो गुन्हा नाही. पहिल्यांदा ऐकताना विश्वासच बसत नाही! पण भाडं परवडावं म्हणून त्याच खोलीत तोच धंदा करणारी मैत्रीण आली, दोघींचा फायदा एकत्र झाला, की कायद्याच्या व्याख्येत ती खोली कुंटणखाना ठरते. अशा बाईच्या कमाईवर कॉलेज शिकणारा तिचा एकोणीस वर्षांचा मुलगाही कलम ४ मध्ये अडकू शकतो.

हा १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, पोलिसांच्या तोंडी ‘पिटा’. ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये भारताने सही केलेल्या करारातून तो जन्मला. बाजार मोडायचा, बाईला गुन्हेगार ठरवायचं नाही, असा हेतू. तरी छाप्यात ‘सोडवलेल्या’ सज्ञान बाईला एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं, तिला हवं असो वा नसो. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी अशा तीन तरुणींना मोकळं केलं, आणि आपलं काम निवडायचा हक्क सज्ञान बाईला आहे, असं सांगितलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

मर्जीने निवडलेलं काम हा हक्क असेल, तर मग मानवी तस्करी कशाला म्हणायचं? चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. मिरची तोडणीच्या हंगामात इथली माणसं पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून तेलंगणात जातात. बल्लारशाहहून तर एकाच रेल्वेगाडीने दिल्लीही गाठता येते, चेन्नईही. जाणारे बहुतेक जण कष्टाचे पैसे घेऊन परततात. यातली तस्करी ओळखायची कशी?

भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ तीन गोष्टी विचारतं. काय केलं: भरती, वाहतूक, आसरा? कसं केलं: धाक, फसवणूक, पालकाच्या हातावर पैसे? आणि कशासाठी: शोषणासाठी? तिन्हींची उत्तरं जुळली की गुन्हा. राज्याची सीमा ओलांडायलाच हवी असं नाही, लालबत्ती वस्तीही लागत नाही. परराज्यात ‘लग्न’ लावून विकलेली पोरगीही यात येऊ शकते. ‘ती हो म्हणाली होती’ हा बचाव इथे चालत नाही. किती शहाणपणाचं! लबाडीने काढलेला होकार कायदा धरतच नाही. मात्र खऱ्या होकारालाही ‘पिटा’ त्याच तागडीत टाकतो, आणि सगळा वाद इथेच पेटतो.

मला वाटतं, चंद्रपूर-गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात छाप्यांआधी मजूर नेणाऱ्या मुकादमाची वही तपासावी. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित मजूर कायद्याने ठेकेदाराला परवाना सक्तीचा केला होता आणि मजुराच्या हातात फोटो लावलेलं पासबुक द्यायला लावलं होतं: काम कुठे, किती दिवस, मजुरी काय दराने. मुलगी गाडीत बसण्याआधी एवढं लिहून तिच्या घरच्यांना मिळालं, तर दलालाला खोटं बोलायला जागाच उरत नाही.