‘फॉरमॅट करा’ म्हटलं तरी करू नका!

नवीन लॅपटॉपमध्ये जुनं मेमरी कार्ड घातलं आणि ‘आधी फॉरमॅट करा’ अशी पाटी आली? थांबा. तुमचे फोटो बहुधा अजून तिथेच आहेत.

परवा मावशीचं असंच झालं. कार्ड तिने मॅकवर फॉरमॅट केलं होतं, नवीन लॅपटॉप विंडोजचा. मॅकची एपीएफएस ही मांडणी विंडोजला आपणहून वाचता येत नाही, म्हणून तो कार्डच रिकामं करायला निघाला! जुन्या मॅकमध्ये घातल्यावर सगळं जसंच्या तसं दिसलं.

म्हणून पहिला उपाय हाच: कार्ड जुन्या यंत्रात घालून बघा. दुसरा, कार्ड रीडर बदला. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एसडीएक्ससी प्रकारची असतात, जुने रीडर ती ओळखतीलच असं नाही.

तरीही उघडत नसेल, तर फोटोरेक हे फाइली परत मिळवणारं सॉफ्टवेअर वापरा. ते मोफत आहे, आणि मला त्याची कामाची पद्धत फार आवडते. कार्डाची अनुक्रमणिका बिघडली तरी ते थेट मजकूर चाळतं. प्रत्येक जेपीईजी फोटो एफएफ डी८ या बाइट्सनी सुरू होतो, त्या खुणेवरून फोटो शोधून काढतं. फाइलींची मूळ नावं मात्र जातात, आणि तुकड्यातुकड्यांत साठवलेले व्हिडिओ कधीकधी अर्धवट मिळतात.

सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर कधीही ठेवू नका, जुन्या फोटोंवरच लिहिलं जाईल.

फोनमध्ये ‘अंतर्गत साठवण’ म्हणून वापरलेलं कार्ड कूटबद्ध असतं. ते त्याच फोनमध्ये उघडेल, त्यामुळे फोन रीसेट करण्याआधी फोटो काढून घ्या.