नैऋत्येची खोली आणि कूलरची खिडकी

वर्ध्यात घर बांधायला निघालेला माणूस माझ्याकडे येतो तो मोबाइलमध्ये फोटो घेऊनच. पुण्या-बंगळुरूकडचा, समोर सगळी काच असलेला बंगला. मी त्यांना प्लॉटवर बोलावते, शक्यतो एप्रिलमध्ये, दुपारी चार वाजता. तिथे पंधरा मिनिटं उभं राहिलं की काचेचा विषय आपोआप मिटतो.

वर्धा कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. त्यामुळे 24 मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे 19 जुलैपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला कललेला असतो. जूनमध्ये तो मावळतोही पश्चिमेपासून 25 अंश उत्तरेला सरकून. उत्तरेच्या खिडकीतून नुसता उजेड येतो, ऊन येत नाही, हा ठोकताळा इथे तेव्हा लागू पडत नाही. खिडकीच्या पश्चिम बाजूला एक उभी पडदी द्यावीच लागते. दक्षिण मात्र उगाच बदनाम. डिसेंबरात दुपारचा सूर्य 46 अंशांपर्यंतच चढतो, म्हणून दोन फुटी छज्ज्याखालून ऊन आत येतं. एप्रिलच्या मध्यात तोच छज्जा दुपारी खालची दहा फूट भिंत सावलीत ठेवतो.

खरी डोकेदुखी पश्चिमेची. तिथे सूर्य खाली उतरलेला असतो, छज्जा कामाचा नाही. नऊ इंची विटांच्या भिंतीने संध्याकाळी घेतलेला ताप आत पोचतो रात्री, ऐन झोपेच्या वेळी. आणि घरमालकाचा हट्ट नेमका त्याच बाजूचा, "बेडरूम नैऋत्येलेच पाह्यजे, मॅडम!" वास्तुशास्त्राशी मी भांडत नाही. घर त्यांचं, कर्जही त्यांचंच. बेडरूम नैऋत्येलाच ठेवते, पण पश्चिमेच्या भिंतीला बाथरूम आणि कपाटं लावते, खिडकी दक्षिणेला काढते आणि वरच्या स्लॅबवर पांढरी चिनी मोझेक करून घेते. वास्तुवाले खूश, झोपणाराही.

हे मी शिकले ते कॉलेजात कमी आणि सेवाग्रामात जास्त. 1936 साली गांधीजी राहायला आले तेव्हा ते शेगाव होतं. आधी आदि निवास ही कुटी बांधली गेली. आज आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात त्यांच्या शिष्या मीराबेन यांची झोपडी. माती, बांबू, लाकूड, कवेलू. लोक तिथला साधेपणा बघतात, मी वळचण बघते. छप्पर भिंतीच्या पुढे येऊन बरंच खाली उतरतं, मग ओसरी, मग भिंत. भिंतीवर ऊनच पडलं नाही तर ती तापणार कशी? आतला उजेड अंगणावरून उलटून येतो, डोळ्यांना टोचत नाही. 1978 च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच या कुटीत बसले होते. माणसाचं घर वेगळं आणि सामान ठेवायची जागा वेगळी, असं त्यांनी तेव्हा मांडलं. शोकेससाठी आधी भिंत राखून ठेवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. फारसा परिणाम होत नाही.

30 बाय 50 च्या प्लॉटवर चारी बाजूंनी ओसरी कोण देणार? बाजूला सोडायची जागा आधीच अपुरी. म्हणून निदान पश्चिमेपुढे विटांची जाळी उभी करते. ऊन जाळीवर अडतं, मधल्या फटीतून हवा खेळत राहते.

राहिला कूलर. विदर्भात तो घरचा माणूसच, पण नकाशात त्याला जागा नसते. मग एकुलत्या मोठ्या खिडकीबाहेर लोखंडी घोडी येते, तिच्यावर कूलर, भोवतीच्या फटींना पुठ्ठे. आणि उन्हाळाभर त्या खोलीत दिवसाही ट्यूबलाइट. मी कूलरसाठी खिडकीखाली वेगळी चौकट काढते, जमिनीपासून दोन फुटांवर, सावलीच्या बाजूला, पाण्याचा नळ हाताशी. समोरच्या भिंतीत वर झरोका. हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर कूलर खोली गार करण्याऐवजी नुसती दमट करतो. पाऊस लागला की कूलर माळ्यावर जातो आणि चौकटीला लाकडी झडप बसते. सुताराचं जादा काम एवढंच.