कोशातली शिबंदी

आरमोरीकडच्या रानात ऐनाच्या झाडावर पोसलेला टसरचा एक कोसा आज कित्येक वर्षे माझ्या लिहिण्याच्या मेजावर आहे. आकाराने लहानशा अंड्याएवढा, रंगाने करडा-पिवळा, आणि नखाने टिचकी मारली असता सुक्या लाकडासारखा वाजणारा. असल्या कोशात जो जीव महिनोन्‌महिने निश्चल पडून राहतो, त्याच्या अंगी आपल्यासारखी प्रतिपिंडे नसताना तो जंतूंच्या भक्ष्यस्थानी कसा पडत नाही, हा प्रश्न मला त्या कोशानेच लावून दिला, आणि त्याचा माग काढता काढता मी हान्स बोमान या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या निबंधांपाशी येऊन थांबलो.

पाश्चरने रेशमाच्या किड्यांच्या रोगांचा छडा लावला, मेच्निकॉव्हने १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या अळीत भक्षक पेशी पाहिल्या, ही कथा वाचकांस अपरिचित नाही. १९२० च्या सुमारास फ्रान्समध्ये मेतालनिकोव्ह व पायो यांनीही सुरवंटांना जंतू टोचून, त्यांच्या ठायी पुढील रोगाविरुद्ध बळ उत्पन्न होते असे दाखविले होते. परंतु त्या बळामागचे मुख्य द्रव्य नेमके कोणते, याचा उलगडा व्हायला आणखी साठ वर्षे लागली.

बोमान मूळचे जीवाणूंचे अभ्यासक. उमिओ येथे ॲम्पिसिलिनला दाद न देणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करीत असता ते कीटकांकडे वळले, आणि फळमाशीवरील पहिल्या प्रयोगांनंतर त्यांनी टसरच्याच कुळातला ‘सेक्रोपिया’ हा अमेरिकेतील मोठा पतंग हाती घेतला. ही निवड मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत मार्मिक गोष्ट वाटते. निद्रिस्त कोशाच्या शरीरात नवी प्रथिने जवळजवळ बनतच नाहीत. त्यामुळे त्याला जीवाणू टोचून किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले, की जे काही नव्याने बनेल ते बहुतांशी संरक्षणासाठीच बनलेले असणार. रात्री साऱ्या कचेऱ्या बंद असलेल्या गावात एकट्या चौकीत दिवा लागावा, तशी ही शिबंदी त्यांच्या दृष्टीस पडली. १९८१ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी तिच्यातील दोन प्रथिनांची घटना प्रसिद्ध केली. सेक्रोपिन-ए हे अवघ्या ३७ अमिनो आम्लांचे. जीवाणूच्या पटलाला चिकटून ते त्यालाच भेदते.

पुढची हकीकत स्ट्रासबुर्गची आहे. ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत, ब्रूनो लमेत्र यांच्या हातून, १९९६ साली ‘टोल’ हे जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीने मरतात असे सिद्ध झाले. २०११ साली हॉफमन यांना नोबेल मिळाले, आणि श्रेयाच्या वाटणीबाबत लमेत्र यांनी आपली कैफियत जाहीरपणे मांडली. तिच्या निवाड्यात मी शिरत नाही. श्रेयाच्या वादापेक्षा बोमान यांच्याच दप्तरातील दुसरी एक नोंद मला अधिक मोलाची वाटते.

१९८९ साली बोमान व सहा सहलेखकांनी डुकराच्या लहान आतड्यातून सेक्रोपिन मिळाल्याचे जाहीर केले. पतंगाचे अस्त्र सस्तन प्राण्याच्याही हाती आहे, असा त्याचा अर्थ होता. जीवसृष्टीच्या एकात्मतेचा एवढा सुंदर दाखला कोणाला नको होता? चौदा वर्षे हा पदार्थ, सेक्रोपिन पी-१, सस्तन प्राण्याचा म्हणून मान्य होता. पण २००३ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर उभे असताना, बोमान यांनी मूळच्या सात लेखकांपैकी आणखी दोघांसह दुसरा निबंध लिहिला: हा पदार्थ डुकराचा नव्हेच, तो त्याच्या आतड्यात राहणाऱ्या जंताचा आहे. जंतालाही त्या जीवाणूंच्या गर्दीत आपला बंदोबस्त स्वतःच करावा लागतो.

ज्या शोधाची दुनियेने वाहवा केली, त्याची दुरुस्ती वार्धक्यात आपल्याच हाताने नोंदविणारा संशोधक मला त्याच्या सर्व निबंधांत याच निबंधात सर्वांत मोठा दिसला. बोमान २००८ साली निवर्तले. सेक्रोपिन पी-१ हे नाव अद्याप तेच आहे. त्याच्यापुढे आता डुकराऐवजी जंताची नोंद असते.