विश्लेषण : फेब्रुवारीच्या सॅलरी स्लिपमध्ये १०० रुपये जास्त का कापतात? हातात येणारा पगार ठरतो कसा?

महिन्याची शेवटची तारीख. कँटीनमध्ये चहा घेता घेता टेबलावरचे फोन एकामागून एक वाजतात. पगार जमा झाल्याचा मेसेज असतो. जुने कर्मचारी आकड्यावर नजर टाकून फोन खिशात ठेवतात. पहिल्याच नोकरीत असलेला मात्र दोनदा, तीनदा बघतो. ऑफर लेटरवर ६ लाख होते, भागिले १२ म्हणजे ५० हजार. मग हे ३८ हजार कसले? संध्याकाळी घरून फोन येतो, ‘किती आला रे?’ आणि तेव्हा उत्तर देताना जीभ थोडी अडखळते.

हिंजवडी असो, ऐरोली असो की खराडी, हा प्रसंग दर महिन्याला कुणाच्या तरी वाट्याला येतोच. एचआरला विचारायचे तर संकोच वाटतो. सॅलरी स्लिपची पीडीएफ पासवर्ड टाकून एकदा उघडली जाते आणि नंतर थेट बाइकच्या कर्जासाठी बँकेने मागितल्यावरच. खरे तर त्या एका पानावर बरेच काही लिहिलेले असते.

१२ हजार गेले कुठे?

सीटीसी म्हणजे पगार नव्हे, तर कर्मचाऱ्यामागे कंपनीला वर्षभरात येणारा खर्च. उदाहरणादाखल ६ लाखांचे पॅकेज घेऊ. त्यात मूळ वेतन महिना २५ हजार आहे आणि कामगिरीवर अवलंबून असलेला ‘व्हेरिएबल’ भाग वर्षाला ५० हजारांचा आहे, असे धरू. कंपनीचा पीएफमधला हिस्सा मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे महिना ३ हजार, वर्षाला ३६ हजार. ग्रॅच्युइटीची तरतूद वर्षाला सुमारे १४,४२३ रुपये. हे तिन्ही आकडे सीटीसीत धरलेले असतात, पण दरमहा खात्यात येत नाहीत. ते वजा केले की महिन्याला उरतात सुमारे ४१,६३१. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ ३ हजार आणि व्यवसाय कर २०० गेला की राहिले ३८,४३१.

यातली ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे सलग ५ वर्षे काढल्याशिवाय मिळत नाही. दोन-अडीच वर्षांत कंपनी बदलणाऱ्या पिढीसाठी तो आकडा बहुतेक वेळा कागदावरच राहतो. ऑफर लेटर हातात पडल्यावर विचारायचा प्रश्न म्हणूनच एकच आहे: दरमहा हातात किती येणार?

या पगारावर प्राप्तिकर किती, ही भीती मात्र अनाठायी. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत पगारदारांना ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीसह १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलतही नसते. म्हणजे मार्च जवळ आला की रूममेटसोबत भाड्याच्या पावत्या शोधण्याची जी धावपळ चालते, ती नवी प्रणाली घेतलेल्यांनी केली नाही तरी चालते.

फेब्रुवारीतले ते १०० रुपये

राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार व्यवसाय कर एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांहून जास्त घेता येत नाही. २,५०० ला १२ ने भागले तर २०८ रुपये ३३ पैसे येतात. ही किरकिर टाळण्यासाठी महाराष्ट्रात ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. झाले २,५००. चूक कंपनीची नसते, त्यामुळे एचआरला मेल टाकण्याची गरज नाही.

दिल्ली किंवा गुरुग्रामच्या ऑफिसात बसणाऱ्या सहकाऱ्याच्या स्लिपवर ही ओळच नसते, कारण तिथे हा कर नाही. शेजारच्या डेस्कवरच्या सहकारी महिलेचा पगार २५ हजारांपर्यंत असेल तर तिच्याही स्लिपवर नसते. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२३ पासून महिलांना तेवढी सूट दिली आहे. पुरुषांना मात्र १० हजारांच्या वर पगार गेला की पूर्ण कर.

या २०० रुपयांमागचा इतिहास फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९७२ च्या दुष्काळात राज्यात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला पैसा लागणार होता. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराकडून कर घ्यायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि गावातल्या मजुराला काम द्यायचे, अशी ती रचना. देशपातळीवरचा रोजगार हमी कायदा त्यानंतर ३० वर्षांनी, २००५ मध्ये आला.

खरी रक्कम पीएफमध्ये

२०० रुपयांवरून कँटीनमध्ये चर्चा रंगते, पण मोठा पैसा दुसऱ्या ओळीत असतो. वरच्या उदाहरणात कर्मचाऱ्याचे ३ हजार पूर्ण पीएफ खात्यात जातात. कर्मचारी पेन्शन योजनेचा सदस्य असेल तर कंपनीच्या ३ हजारांपैकी १,२५० पेन्शन योजनेत आणि १,७५० पीएफमध्ये. म्हणजे खात्यात दरमहा ४,७५०. तीन वर्षांत व्याज न धरताच १ लाख ७१ हजार होतात. २०२४-२५ साठी व्याजदर ८.२५ टक्के होता. बचत खात्यात एवढे कोण देते?

नोकरी बदलली की मात्र हा पैसा ‘सुटा’ वाटू लागतो. नवा फोन, गोव्याची ट्रिप, भाड्याच्या फ्लॅटचे डिपॉझिट. पण ५ वर्षांची सलग सेवा होण्याआधी रक्कम काढली तर ती करपात्र ठरते आणि ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर, पॅन जोडलेला असल्यास, १० टक्के टीडीएस कापला जातो. पेन्शनचा भागही काढून घेतला तर आधीची वर्षे पुसली जातात. मासिक पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते आणि ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. रक्कम नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर केली तर दोन्ही शाबूत राहतात.

ट्रान्सफर अडते ते बहुधा नावावर. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर क्रम वेगळा, कधी वडिलांचे नावच नाही. कंपनीने रुजू करून घेताना भलतेच नाव टाकले तर यूएएन आणि आधार जुळत नाहीत. ही दुरुस्ती नोकरीत असतानाच करून घेतलेली बरी. जुन्या कंपनीला नंतर मेल पाठवत बसणे म्हणजे डोक्याला ताप.

दुसरी अडचण नोकरी सोडल्याच्या तारखेची. जुन्या कंपनीने ती भरली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला स्वतःच यूएएन पोर्टलवर ती नोंदवता येते.

स्लिपवर पीएफ कापलेला दिसला म्हणजे तो भरला गेलाच, असेही नाही. कंपनीने तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा करायचा असतो. उमंग अॅपवरच्या पासबुकमध्ये ते दिसते. अॅप उघडायचा कंटाळा असेल तर यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की शिल्लक मेसेजने कळते.