वॉर्ड की घर? लस घेतलेल्यांना गाठणारा विषाणू

इस्रायलमध्ये तेल अवीवजवळ शेबा नावाचं मोठं रुग्णालय आहे. २०२१च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये तिथल्या संशोधकांनी फायझरच्या कोविड लशीचे दोन्ही डोस झालेल्या आपल्याच सहकाऱ्यांवर नजर ठेवली. लक्षणं दिसली किंवा बाधिताचा संपर्क आला, की चाचणी. अशा १,४९७ जणांत ३९ बाधित निघाले.

त्यांना विषाणू दिला कुणी? कुणीही सांगेल, कोविड वॉर्डाने. पण ज्या ३७ जणांबाबत माग लागला, त्यांतल्या २१ जणांच्या बाबतीत संशय घरच्याच माणसावर आला. दोन जोडप्यांच्या बाबतीत तर तो त्यांच्या लहानग्यावर. रुग्ण किंवा सहकारी यांच्यावर संशय आला तो ११ जणांच्या बाबतीत. आणि या ३७ जणांना ज्यांच्याकडून संसर्ग झाला असावा, त्यांतल्या एकानेही लस घेतलेली नव्हती! वॉर्डात मास्क आणि पीपीई किट असतं. घरी आल्यावर तोंडावरचा मास्क उतरतो, आणि तापाने फणफणलेल्या लेकराला कुशीत घेताना अंतर कोण राखणार?

दुसरा धागा रक्तात सापडला. संसर्गाच्या सुमारास बाधितांच्या रक्तात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं, तुलनेसाठी निवडलेल्या निरोगी सहकाऱ्यांच्या साधारण एक तृतीयांश होती. तरीही एकालाही रुग्णालयात दाखल करावं लागलं नाही.

संसर्ग होतो, पण आजार गंभीर होत नाही, हे कसं घडतं? दंडात टोचलेल्या लशीमुळे रक्तात भरपूर प्रतिपिंडं तयार होतात, पण नाकाच्या ओलसर अस्तरावर त्यांचा पहारा तुलनेने विरळ असतो. त्यामुळे विषाणू तिथे शिरून वाढू शकतो. मात्र लशीमुळे घडलेल्या स्मृतिपेशी त्याला ओळखतात, काही दिवसांत नव्या प्रतिपिंडांची फौज उभी करतात. फुप्फुसात आजार बळावायला वेळ लागतो आणि तेवढा अवधी या पेशींना बहुतेकदा पुरतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२१च्या दुसऱ्या लाटेत आपल्या कर्मचाऱ्यांची जी आकडेवारी मांडली, तीत संसर्ग आणि गंभीर आजार यांतला हा फरक आकड्यांत दिसतो. तिथे बहुतेकांनी घेतली होती ती पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्हिशील्ड. दोन डोसांनी संसर्गाचा धोका ६५ टक्क्यांनी घटला, रुग्णालयात दाखल होण्याचा ७७, ऑक्सिजन लागण्याचा ९२, तर अतिदक्षता विभागात जाण्याचा ९४ टक्क्यांनी. आजार जितका गंभीर, तितकं संरक्षण भक्कम!

अर्थात 'सौम्य' म्हणजे क्षुल्लक नव्हे. शेबातल्या बाधितांपैकी १९ टक्के जणांना सहा आठवड्यांनंतरही त्रास जाणवत होता. म्हणून परिचारिकेचं रक्षण तिच्या दंडावर टोचलेल्या लशीने पुरं होत नाही. तिच्या घरच्यांची लस, तिच्या बूस्टरची वेळ आणि आजारी वाटताच मिळणारी भरपगारी रजा, हीसुद्धा तिची संरक्षक साधनंच आहेत. पुढच्या साथीची तयारी करताना त्यांचाही हिशेब आधीच मांडायला हवा.